पहिला प्रश्न कोणी विचारावा?

७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने एका शाळामास्तरांचा अंत झाला. वय अवघे एकोणचाळीस. धारवाडच्या सरकारी हायस्कुलात ते मराठीचे शिक्षक होते आणि ती जागा मिळून त्यांना पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्या साली हिंदुस्थानात प्लेगाच्या बळींची मोजदाद लाखांनी होत होती. एका मास्तरांच्या मरणाची वार्ता गावाबाहेर कितीशी गेली असेल? या गृहस्थांचे नाव कृष्णाजी केशव दामले. मराठी वाचक त्यांना केशवसुत या नावाने ओळखतात आणि अर्वाचीन मराठी कवितेचा आरंभ त्यांच्यापासून धरतात.

आम्ही विद्यानगरात राहतो. हुबळीहून धारवाडला जाणारा रस्ता आमच्या वस्तीतून जातो. आता त्यावर जलद बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गही झाला आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॉलेजे आहेत. भूमरड्डी कॉलेजाचे आता विद्यापीठ झाले आहे, जवळच जाबीन सायन्स कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आणि त्याचे मोठे इस्पितळ आहे. सकाळच्या वेळी येथे दप्तरे पाठीशी लावलेल्या मुलामुलींची इतकी गर्दी असते की रस्ता ओलांडणे कठीण व्हावे. विद्येचे नाव घेतलेल्या या वस्तीत केशवसुत येथल्या मातीत गेले हे ठाऊक असणारा शंभरात एक तरी निघेल की नाही, याची आम्हांस शंका आहे. येथील मुले कानडी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात, त्यामुळे त्यांस दोष देता येत नाही. परंतु मराठी मंडळीतील आमच्यासारख्यांनाही हे उशिरानेच कळते, याचे मात्र नवल वाटते.

केशवसुतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या गावी झाला. वडीलही शाळामास्तरच होते. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. शिक्षणासाठी कृष्णाजींना बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे नातलगांच्या आधाराने फिरावे लागले. नागपुरास त्यांचा परिचय नारायण वामन टिळकांशी झाला; हेच पुढे आपले रेव्हरंड टिळक. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या नावांशी जोडलेल्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलातून ते मॅट्रिक झाले, तेही १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे कॉलेजात जाणे शक्य नव्हते. मग मुंबईत लहानमोठ्या नोकऱ्या, त्यांतल्या पुष्कळशा कच्च्या. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्यानंतर त्यांनी मुंबई सोडली आणि खानदेशात शिक्षकी पत्करली. फैजपूरच्या शाळेत ते मुख्याध्यापक झाले आणि तेथून १९०४ साली धारवाडास आले. ज्या रोगाच्या भयाने माणसे मुंबईतून पळत होती, त्यानेच त्यांना शेवटी हुबळीत गाठले.

येथे हुबळीविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगाची लस फार मोठ्या प्रमाणावर जेथे टोचली गेली, त्या पहिल्या गावांपैकी हुबळी एक होय. १८९८ च्या साथीत येथे तीस हजारांहून अधिक माणसांनी टोचून घेतले, आणि टोचलेल्यांत मरणाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. पुढे १९०२ साली पंजाबातील एका खेड्यात लशीच्या दूषित बाटलीमुळे एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली, आणि टोचण्यावरचा लोकांचा विश्वास देशभर डळमळला. हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावे लागले. मधल्या वर्षांत जे गेले त्यांत आमचे हे मास्तरही होते.

त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. मासिकांतून, ‘करमणूक’सारख्या पत्रांतून कविता छापून येत, वाचणारे वाचीत आणि अंक रद्दीत जात. मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी त्यांचे स्नेही हरि नारायण आपटे यांनी त्या गोळा करून प्रसिद्ध केल्या, तेव्हा हा माणूस केवढा होता हे महाराष्ट्रास उमगले. सगळ्या मिळून कविता शेदीडशेच्या आतच. इंग्रजी सॉनेट त्यांनी मराठीत आणले आणि त्याला चतुर्दशक म्हटले. सुनीत हे नाव नंतरचे. भाऊ मोरो केशव दामले यांनी मराठीचे थोर व्याकरण लिहिले. एकाच घरातील एका भावाने भाषेचे नियम लिहून काढावेत आणि दुसऱ्याने तिच्या कवितेचे जुने नियम मोडावेत, हा योग मोठा मौजेचा आहे.

आमच्या प्रश्नाला निमित्त झाले ते एका बैठकीचे. विद्यानगरात आम्ही काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र जमतो. एके वेळी केशवसुतांवर बोलणे निघाले. ‘तुतारी’ची, ‘नवा शिपाई’ची, ‘आम्ही कोण?’ची आठवण निघाली, वडीलधाऱ्यांनी पाठ असलेल्या ओळी म्हणून दाखविल्या, आणि सगळे प्रसन्न होऊन चहाकडे वळणार, इतक्यात एका तरुण शिक्षकाने विचारले, “काका, हे सगळे ठीक. पण त्यांनी केले काय?”

प्रश्न उद्धट नव्हता. तो मनापासून विचारला होता, म्हणूनच कोणास चटकन उत्तर देता आले नाही.

त्या तरुणाचे म्हणणे असे होते. १८८८ साली केशवसुतांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता लिहिली. अंगावर सावली पडेल म्हणून हाकलला गेलेला एक अस्पृश्य मुलगा घरी येतो आणि आईला त्याचे कारण विचारतो, एवढीच तीतील घटना. पुढच्याच वर्षी त्यांनी काम सुटलेल्या, उपाशी मजुरावर कविता लिहिली. १८९८ साली ‘नवा शिपाई’त जात, धर्म, पंथ यांची सारी कुंपणे नाकारणारा माणूस त्यांनी उभा केला. हे सर्व लिहिणारे गृहस्थ रोज सकाळी शाळेत जात होते, संध्याकाळी घरी येत होते. त्यांनी कोणत्या अस्पृश्य मुलाला घरात घेतले? कोणती विहीर खुली केली? कोणते आंदोलन केले? कवितेत कुंपणे मोडणे सोपे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वादाला एक ठरलेली भाषा होती. सुधारकांचे दोन वर्ग सांगत, बोलके आणि कर्ते. बोलके सुधारक हा शब्द बहुधा कुत्सितपणे वापरीत आणि तो वापरण्यास कारणही होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून केवढे ग्रामण्य उभे राहिले आणि त्यातून न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषानेही अखेर प्रायश्चित्त घेतले, हे सर्वश्रुत आहे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा! आज हसू येते. परंतु त्या काळी कृती म्हणजे काय आणि तिची किंमत किती, हे त्या पेल्यावरून समजते. आणि किंमत देणारे लोकही त्याच काळात होते. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि बहिष्कार सोसला. आणि नागपुरास केशवसुतांना भेटलेले टिळक १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेऊन घरदार, आप्त आणि काही काळ पत्नीसुद्धा मागे टाकून चालते झाले. टिळकही कवी होते, त्यांनीही शिक्षकी केली होती, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच आणि वयानेही जवळपास. आपल्या वाचकांस दोन पुत्रांचा दाखला ठाऊक आहे. ‘जातो’ म्हणणारा आणि प्रत्यक्ष जाणारा यांतला भेद आपणांस निराळा समजावून सांगावयास नको.

या मापाने मोजले तर केशवसुत कमी भरतात हे आम्हांस मान्य आहे. ते लाजाळू होते, एकटे राहणारे होते, संसाराच्या विवंचनेत होते, ही कारणे आम्ही पुढे करणार नाही. लाजाळूपणा ही फार सोयीची सबब आहे. त्यांचे चाहते त्यांना क्रांतिकारक, समाजसुधारक अशा पदव्या देतात, त्या त्यांना न दिलेल्या बऱ्या. खोट्या पदवीने माणूस मोठा होत नाही, आणि खऱ्या सुधारकांचे ऋण तेवढे लपते.

आणखी एक आक्षेप आहे, तो अधिक टोकदार आहे. त्या मुलाचा प्रश्न ब्राह्मणाच्या मुलाने का विचारावा? ज्याचा प्रश्न त्याला तोंड नव्हते काय? होते. केशवसुतांनी ती कविता लिहिली त्याच सुमारास, त्याच कोकणात, पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीस राहून अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. ‘विटाळ विध्वंसन’ या त्यांच्या पुस्तिकेत सवर्ण हिंदूंना धर्मशास्त्राच्या आधाराविषयी विचारलेले प्रश्न आहेत. म्हणजे अंत्यजांच्या मुलांचे प्रश्न अंत्यजांच्या घरातून विचारले जात होते, छापलेही जात होते. ते अर्थातच पहिलेही नव्हते. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या पणजोबांनी हेच प्रश्न आधी केव्हातरी मनात विचारले असणार. अहमदनगरास १८३१ पासून अमेरिकन मिशनचे काम चालू होते. मिशनच्या शाळांत ती मुले बसत होती. त्या मुलांनी घरी येऊन आपल्या आयांना काय विचारले असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. मग मालगुंडच्या दामल्यांनी त्यांच्यातर्फे बोलावे आणि पहिलेपणाचा मान घ्यावा, हे न्याय्य आहे काय?

आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ दिवस विचार केला. आम्हांस जे वाटते ते येथे मांडतो. वाचकांचे मत निराळे असू शकेल.

वलंगकरांचे प्रश्न सवर्णांच्या घराच्या दारावर बाहेरून थापा मारीत होते. त्या थापांत बळ होते, परंतु दार लावून घेणे घरातल्यांच्या हाती होते, आणि बहुतेकांनी ते लावून घेतलेच. केशवसुतांची कविता मात्र घरातच छापली गेली. जी पत्रे, जी मासिके पांढरपेशांच्या माजघरात दुपारी वाचली जात, त्यांतून हा कवी लिहीत होता, त्याच घरांतल्या भाषेत, त्याच घरांतल्या नावाने. घरातल्याच मुलाने जेवताना मध्येच विचारावे, “आपण त्या पोराला का हाकलले?” तर बापाला दार लावून घेता येत नाही. रागावता येते, गप्प बसविता येते, परंतु प्रश्न बाहेरचा आहे असे म्हणता येत नाही. केशवसुतांनी अस्पृश्य मुलाची वकिली केली असे म्हणण्यापेक्षा, आपल्या माणसांना त्या आईच्या जागी बसवून तो प्रश्न ऐकावयास लावला असे म्हणणे आम्हांस खरे वाटते. त्या मुलाच्या वतीने ते काही मागत नाहीत. ज्यांनी उत्तर द्यावयाचे आहे त्यांच्यापुढे, त्यांच्यातलाच एक होऊन, ते प्रश्न ठेवतात.

कवितेच्या नावातील ‘पहिला’ हा शब्द आम्हांस मोठा विचारपूर्वक घातलेला दिसतो. शाळेत शिकविलेल्या माणसालाच तो सुचावा. मुलाने एकदा ‘का?’ विचारले की शिक्षकाला ठाऊक असते की हे येथे थांबणार नाही. पहिल्याचे उत्तर बरे दिले तर दुसरा प्रश्न येतो. वाईट दिले तर तो घरी, रस्त्यावर, पुढच्या वर्षी, केव्हातरी येतोच. केशवसुतांनी उत्तर दिले नाही ही तक्रार त्यामुळे आम्हांस फारशी लागू वाटत नाही. वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाचे काम पुष्कळदा एवढेच असते की प्रश्न मरू न देणे.

शिक्षकाचे काम बोलणे हेच आहे हेही लक्षात घेतले पाहिजे. शेतकऱ्याने शेतीवर नुसते व्याख्यान दिले तर त्याला बोलका शेतकरी म्हणू. परंतु मास्तराने वर्गात शब्द उच्चारला तर तीच त्याची नांगरट असते. ती कुठे उगवली हे त्याला बहुधा कळत नाही. भडभड बोलणारे शिक्षकही पुष्कळ असतात हे आम्ही विसरलेलो नाही. हे आपल्याकडेच घडले असेही नाही. युरोपच्या उत्तर टोकाला, त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या एस्टोनिया नावाच्या लहानशा देशात, याकोब टाम नावाचे एक कवी केशवसुतांच्याच पिढीत होऊन गेले. जन्म १८६१, मृत्यू १९०७. तेही खेड्यातल्या शाळेचे मास्तर. तेथे सरकारने शाळांत रशियन भाषा सक्तीची केली होती, आणि आपली भाषा कवितेत जिवंत ठेवण्याचे काम अशा खेडवळ मास्तरांकडे आले. ज्या समाजापाशी दरबार नाही, पैसा नाही, त्याचे शब्द मास्तरांच्या हाती असतात.

शब्दाने किती काम होते याचा पुरावा या आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. केशवसुत धारवाडच्या हायस्कुलात शिकवीत होते तेव्हा त्याच गावात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा वाढत होता. घरची भाषा मराठी, गावाची कानडी. दोघांची गाठ पडली होती असे आम्ही म्हणत नाही. हा मुलगा म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, पुढे कानडीचे थोर कवी झालेले अंबिकातनयदत्त. १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांच्या ‘नाकु तंती’ या संग्रहाला मिळाले. एक केशवाचा सुत, दुसरा अंबिकेचा तनय; दोघांनीही आपली ओळख आईबापांच्या नावात ठेवली. बेंद्रे धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी ‘नरबलि’ नावाची एक कविता लिहिली. ब्रिटिश सरकारने त्या कवितेबद्दल त्यांना तुरुंगात घातले, आणि सुटून आल्यावरही कित्येक वर्षे त्यांना धड नोकरी मिळाली नाही. मुलाबाळांचा संसार आणि हाती काम नाही, अशी ती वर्षे त्यांनी काढली. अखेर १९४४ साली सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात त्यांना कानडीच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाने मराठी मुलखात जाऊन कानडी शिकविली!

बेंद्र्यांनी बॉम्ब टाकला नव्हता, मिरवणूक काढली नव्हती. कविता लिहिली होती. म्हणजे शब्द ही कृती आहे की नाही याविषयी आपण बैठकीत चहा घेता घेता शंका काढतो, ती सरकारला आली नाही. सत्तेला शब्दाची किंमत आपल्याहून नेमकी कळते.

तरीही येथे सावध राहिले पाहिजे. ‘शब्द हीच कृती’ हे वाक्य लेखकांना, उपदेशकांना, संपादकांना आणि आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांना इतके गोड लागते की त्याचा संशयच घ्यावा. लिहून झाले की काम झाले असे समजून आपण हात धुऊन मोकळे होतो. मग कोणता शब्द कृती आणि कोणता नुसता आवाज? आमच्या मते, बोलणाऱ्याने तो कोणापुढे उच्चारला हे पाहावे. ज्यांना तो आधीच मान्य आहे त्यांच्यापुढे म्हटलेला शब्द टाळ्या मिळवितो. ज्यांच्या पंगतीला आपण बसतो, ज्यांच्या घरी आपल्या मुलीबाळी द्यावयाच्या आहेत, ज्यांच्या हाती आपली नोकरी आहे, त्यांच्यापुढे तो म्हटला तर त्याला वजन येते. केशवसुतांनी १८८८ साली, अजून मॅट्रिकही न झालेले, नातलगांच्या आधारावर शिकणारे असताना, ती कविता लिहिली. फुल्यांचे साहस त्यात नाही, टिळकांचा त्यागही नाही. परंतु ती दुसऱ्याच्या घराविषयी लिहिलेली नाही, एवढे श्रेय त्यांचे आहे, आणि ते लहान नाही.

‘तुतारी’चे जे झाले ते पाहिले म्हणजे हा फरक कळतो. १८९३ सालची ही कविता. जुने मोडून नवे घडवा अशी हाक तीत आहे. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी ती पाठ केली असेल! गणवेश घालून, हात जोडून, पाहुण्यांपुढे म्हणून दाखविली असेल. ज्या कवितेने झोप मोडावी ती कविता पाठांतराच्या चढाओढीत बक्षीस मिळवून देऊ लागली की सगळे घर निर्धास्त होते. मुलाच्या पहिल्या प्रश्नाची कविता मात्र तशी म्हणता येत नाही. ती म्हणून दाखविली की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी मान खाली घालतो. आम्ही ते पाहिले आहे.

त्या प्रश्नाचे पुढे काय झाले हेही सांगावयास हवे. केशवसुत गेले त्याला वर्ष होते न होते तोच, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले. शिंदे प्रार्थनासमाजाचे, कर्ते पुरुष, मराठी लिहिणारे आणि कानडी मुलखात वाढलेले. पुढे त्यांच्या मिशनचे काम हुबळीसही आले. ज्या गावी तो कवी प्लेगने गेला त्याच गावी काही वर्षांनी अस्पृश्य मुलांसाठी काम सुरू झाले. या दोन गोष्टींत कार्यकारण आहे असा दावा आम्ही करणार नाही. शिंदे केशवसुतांमुळे घडले नाहीत. परंतु बोलके आणि कर्ते हे एकमेकांचे वैरी आहेत असे जे आपण समजतो, ते या गावापुरते तरी खरे ठरत नाही.

आता आमच्या घराविषयी. हुबळी-धारवाडच्या मराठी मंडळीतील बरीच कुटुंबे रेल्वेच्या, गिरणीच्या, इस्पितळाच्या नोकरीनिमित्त नगर, सोलापूर, मिरजेकडून येथे आली. त्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांनी तो मुलगा होऊन सावलीचा हिशेब ऐकला आहे. असे असूनही लग्नाच्या बोलणीत आपल्याकडे अजून एक प्रश्न विचारला जातो, “मूळचे कुठले?” प्रश्न गावाचा असतो आणि उत्तर मात्र गावाचे नको असते, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. बाप्तिस्म्याचे पाणी एकच, प्रभुभोजनाची भाकर एकच, आणि सोयरिकीच्या वेळी मात्र हे चाचपणे. ज्यांच्या पणजोबांवर तो प्रश्न विचारण्याची पाळी आली होती, त्यांच्या घरात आज हा प्रश्न विचारला जातो. केशवसुतांनी ब्राह्मणांच्या माजघरात जे केले ते येथे कोणी करावयाचे? बाहेरच्याने केले तर आपण म्हणू, याला आमचे काय ठाऊक. आणि आतल्याने केले तर म्हणू, कशाला जुने उकरता.

ज्या तरुण शिक्षकाने आमची बैठक गप्प केली, त्याने यंदा शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांना ती कविता वाचून दाखविण्याचे ठरविले आहे. दोन पालकांनी त्याला विचारलेच, मुलांना हे कशाला? आम्ही त्याला घे म्हटले आहे. एक अडचण मात्र आहे. येथील मुले कानडी शाळेत जातात, घरी तोडकेमोडके मराठी बोलतात. ‘अंत्यज’ या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नाही. कविता वाचण्याआधी तो सांगावा लागेल. त्याने सांगावा की घरी आईबापांनी, यावर आमच्यांत अजून बोलणे चालू आहे.